खांबावरची नोटीस

मतदार यादीतलं एक नाव काढायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागत नसे. रकान्यात एक अक्षर लिहायचं, बाजूला सही करायची आणि खालच्या ओळीवर जायचं. वारलेल्यांसाठी एक अक्षर, दोन ठिकाणी नाव असलेल्यांसाठी दुसरं, घर सोडून गेलेल्यांसाठी तिसरं. मी भोपाळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आणि वर्गावर शिकवण्याखेरीज आमच्या गळ्यात जी कामं पडत त्यांतलं हे एक. आपल्या बूथची यादी सांभाळायची, घरोघरी जाऊन तपासायची. या कामावरच्या माणसाला सगळे बीएलओ म्हणत.

लग्न होऊन नाशिकहून मी आले ती थेट टाउनशिपमध्ये. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर. रुंद रस्ते, एकसारखी पिवळी क्वार्टर्स, प्रत्येक सेक्टरला एक बाजार आणि एक शाळा. आमच्या आसपास दहा-बारा मराठी घरं होती, त्यामुळे हळदीकुंकू, गणपती सगळं जिथल्या तिथं होई. नोकरी मी इथं आल्यावर परीक्षा देऊन मिळवली. माझी शाळा टाउनशिपच्या अगदी टोकाला होती. शाळेच्या मागे पाण्याची टाकी आणि टाकीपलीकडे एक वस्ती.

कारखाना उभा राहत होता तेव्हा ज्यांनी पाया खणला त्या मजुरांची ती वस्ती. बांधकाम संपलं, माणसं तिथंच राहिली. पुढे त्यांची मुलं ठेकेदारांकडे लागली, सुना क्वार्टरांमध्ये धुणीभांडी करू लागल्या. आमच्या शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं तिथलीच होती, आणि मुलांचं दुपारचं जेवण शिजवणारी बाईही तिथलीच. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. मुलं तिला काकी म्हणत म्हणून आम्हीही काकीच म्हणायचो. तिचा नवरा ठेक्यावर काम करताना वरून पडून गेला होता. मुलगी एकच, तीही लग्न होऊन त्याच वस्तीत. काकी पहिलीच्या वर्गाच्या दाराशी तांदूळ निवडत बसायची आणि तिथं बसून बसून स्वतःचं नाव लिहायला शिकली होती. मतदानाचं केंद्र आमच्याच शाळेत असे. त्या दिवशी दार उघडायच्या आधी जी दोन-तीन माणसं फाटकाशी उभी असत त्यांत काकी असायचीच. कुणाला मत देतेस असं मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाली, ते सांगायचं नसतं, तुम्ही शिकलेल्या असून विचारता.

एका एप्रिलमध्ये वस्ती उठवली. जमीन कारखान्याची होती, नोटिसा आधी दिल्या होत्या, कागद सरळ होते. नवरा असं म्हणाला आणि ते खोटं नव्हतं. दोन दिवस घरं पाडायचं मशीन चाललं. शाळेत परीक्षा होत्या, खिडक्या लावून घेतल्या तरी पेपरांवर धूळ बसत होती. काही कुटुंबं शहराबाहेर मंडीदीपला गेली, तिथं कारखान्यांमध्ये काम मिळतं म्हणून. बाकीची तीनेक किलोमीटरवर एका नाल्याच्या काठानं पत्र्याची शेड टाकून राहिली. काकी आणि तिची मुलगी शेडमध्ये गेल्या. काकी तिथून रोज चालत शाळेत यायची. एक दिवसही चुकली नाही.

जूनमध्ये यादीच्या तपासणीचं काम आलं. मी कागद घेऊन टाकीपलीकडे गेले तर तिथं काही नव्हतं. फुटक्या विटा, एका ठिकाणी चुलीचा काळा डाग, आणि विजेचा एक खांब तेवढा उभा. आमच्या कामावर देखरेख करणारे सुपरवायझर होते, त्यांना फोन केला. माणसं कुठं गेली ते मला ठाऊक आहे असं सांगितलं. ते त्रासलेले होते, त्यांच्यावरही वरून घाई होती.

"मैडम, जहाँ मकान नहीं, वहाँ वोटर कैसे रहेगा?" ते म्हणाले. "शिफ्टेड लिख दीजिए. नई जगह जाकर फॉर्म भर लेंगे."

नाव काढण्याआधी त्या पत्त्यावर नोटीस लावायची असा नियम होता. लावायला दार नव्हतं, भिंतही नव्हती. सुपरवायझर म्हणाले, काहीही असेल त्यावर लावा आणि फोटो पाठवा. मी खांबावर नोटीस चिकटवली. वाऱ्यानं ती उडत होती, म्हणून एका हातानं खालचा कोपरा धरला आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर फोटो घेतला. मग शाळेत येऊन पंख्याखाली बसले आणि पानामागून पान लिहून काढलं.

काकीचं नाव चौथ्या पानावर होतं. ते नाव मला दिसलं. नजर घसरली, घाईत लक्षात आलं नाही, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते खरं नाही. मी थांबले होते. व्हरांड्याच्या टोकाला स्वयंपाकघर होतं, तिथून डाळीला फोडणी दिल्याचा वास येत होता. ती वीस पावलांवर होती. फॉर्मवर मेलेल्यासाठी खूण होती, गेलेल्यासाठी खूण होती. घर गेलं पण बाई इथंच आहे, यासाठी काही नव्हतं. एक नाव सोडलं तर बाकीची का काढली असं विचारतील, हेही मनात आलं. मी तिसरं अक्षर लिहिलं, सही केली आणि पुढं गेले. त्या दिवशी नेहमीसारखं मुलांच्या पंगतीत उभं राहून काकीबरोबर वाढलंही.

पुढच्या थंडीत महापालिकेची निवडणूक आली. मतदानाआधी घरोघर चिठ्ठ्या वाटतात, त्यावर नाव आणि अनुक्रमांक असतो. शेडमध्ये कुणालाच चिठ्ठी मिळाली नाही. काकी दुपारी माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मतदार कार्ड होतं. म्हणाली, कार्ड तर आहे, पण दुकानदारानं मोबाइलवर पाहिलं तर यादीत नाव नाही म्हणतो. मग विचारलं, "मैडमजी, मेरा नाम किसने काटा?"

मी म्हणाले, वरून कापलं गेलं असेल.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं. वरून बऱ्याच गोष्टी होत आल्या होत्या.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त फोरमन राहत, मुलाला मिळालेल्या क्वार्टरमध्ये. मूळचे सोलापूरकडचे, कारखान्यात तीस वर्षं युनियनचं काम केलेले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. काकीची मुलगी त्यांच्याकडे भांडी घासायची, तिच्याकडून त्यांना हे कळलं. त्यांनी आधी शेडमध्ये जाऊन एकेकाचं कार्ड पाहिलं आणि वहीत नावं उतरवली. मग तहसीलमध्ये गेले. तिथं सांगितलं, नवीन पत्त्याचा पुरावा आणा, नवीन फॉर्म भरा. शेडला पत्ता नव्हता. वीजबिल नव्हतं, भाडेपावती नव्हती. ज्या जागेला सरकार जागा मानत नव्हतं तिथं राहणाऱ्या माणसाला सरकार मतदार मानायला तयार नव्हतं. आप्पा म्हणाले, हे एकेकट्यानं फॉर्म भरून सुटायचं नाही, हे विधानसभेतच विचारलं गेलं पाहिजे.

त्यांचं अक्षर वयामुळे हलायला लागलं होतं आणि हिंदी अर्ज लिहायचा त्यांना कंटाळा होता. म्हणून त्यांनी मला मदत मागितली. मी हो म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं. नवऱ्याला वाटलं, मला समाजकार्याची हौस आली. सरकारी नोकरीत राहून असल्या भानगडीत पडू नये, एवढंच तो म्हणाला. मी सांगितलं, नाव नाही येत माझं कुठं, नुसतं लिहून देते.

सहा महिने आम्ही ते केलं. शाळा सुटल्यावर मी आणि आप्पा शेडमध्ये जायचो, बायका गोळा व्हायच्या. मागण्या दोनच होत्या. माणसाला समोर बोलावून, त्याचं ऐकून घेतल्याशिवाय नाव काढायचं नाही. आणि ज्याचं घर पाडलं गेलं तो जिथं झोपतो तिथला मतदार धरायचा. आप्पांनी बायकांना हे इतक्यांदा समजावलं की त्या पाणी भरताना एकमेकींना म्हणून दाखवायच्या. सुरुवातीला तीस-चाळीस बायका येत. नंतर कमी झाल्या. एक दिवस आमच्याबरोबर यायचं म्हणजे एक दिवस कामावरची सुट्टी, आणि दोघींची घरकामं त्यातच सुटली. काकी शेवटपर्यंत आली, रविवार असला की.

जवाहर चौकातून थोडं पुढं आमच्या भागाच्या आमदारांचा सरकारी बंगला होता. तिथं आम्ही तीन वेळा गेलो. पहिल्या दोन खेपांना सतरंजीवर बसून परत आलो. तिसऱ्या वेळी ते भेटले. चांगले वागले. सगळ्यांना चहा सांगितला, अर्ज पूर्ण वाचला, आप्पांना खुर्ची दिली. मग हात जोडून बायकांना म्हणाले, "आप लोग तो हमारे पुराने वोटर हो."

काकी म्हणाली, "थे, साहब."

आमदारांनी अर्ज पुन्हा उचलला आणि येत्या अधिवेशनात लेखी प्रश्न टाकतो असं सांगितलं. आणि टाकला. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर पुष्कळांनी त्यांना शिव्या दिल्या. त्यांनी शब्द पाळला होता.

पावसाळ्यात उत्तर आलं. एका दुपारी आप्पा जिना उतरून आमच्याकडे आले. मी नुकतीच शाळेतून आले होते. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवले, चष्मा काढला आणि बसले. वाचा म्हणाले. उत्तरात लिहिलं होतं की सर्व नावं नियमानुसार, बूथच्या जबाबदार कर्मचाऱ्यानं प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी केल्यानंतर आणि नोटीस लावल्यानंतरच कमी केली आहेत. सबब शासनाकडून काही कारवाई अपेक्षित नाही. मागे पुरावे जोडले होते. शेवटच्या पानांवर माझ्या सह्या, आणि एका पानावर खांबाचा फोटो. नोटिशीचा कोपरा धरलेला हात त्यात आला होता. त्या मनगटावरचं घड्याळ आत्ता आप्पांसमोरही माझ्या हातात होतं.

"हे तुम्ही केलंत?" आप्पांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग सहा महिने माझ्याबरोबर फिरलात ते कशासाठी?"

सुपरवायझरचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं, वरच्या घाईचं सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते. जाताना दारात थांबून म्हणाले, काकीला मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी मुलांची जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. काकी पातेलं घासत होती. मी दाराशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाव दिसलं होतं, थांबले होते, तेही. ती घासत राहिली. पातेलं स्वच्छ झालं तरी घासत होती. मग विसळून उपडं घातलं आणि पदराला हात पुसले.

"उस दिन मैं काम पर आई थी न?" तिनं विचारलं.

"आई थीं."

"तो मैडमजी, एक बार पूछ लेतीं."

यापलीकडे ती काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, शेडमधल्या बायकांना घेऊन शाळेच्या फाटकाशी येईल. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली आणि तिनं खिचडी टाकली. फक्त वाढताना माझ्या बाजूला उभी राहायची ती आता पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहू लागली.

मी एक निवेदन लिहून दिलं. नावं काढली तेव्हा बरीच माणसं शहरातच आहेत हे मला माहीत होतं, कुणालाही समक्ष विचारलं नाही, नोटीस कुणी वाचेल अशा जागी नव्हती, सही माझी आहे. आप्पांना ते दाखवलं. त्यांनी एक शब्द सुधारला आणि माझ्याबरोबर आमदारांच्या बंगल्यावर आले. आमदारांनी वाचलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, यात नुकसान तुमचंच आहे, विचार करून घ्या. मी म्हटलं, केला आहे. त्यांनी आपलं पत्र जोडून ते वर पाठवलं आणि त्याच्या प्रती सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या आमदारांना दिल्या. पुढच्या अधिवेशनात यावर काही मिनिटं बोलणं झालं असं आप्पांनी पेपरात वाचलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या.

मला कारणे दाखवा नोटीस आली. घरात नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "तू ती नावं काढलीस तेव्हा एक चूक केलीस, आता कबूल करून दुसरी केलीस. त्यांना त्याचा काय उपयोग?" मी वाद घातला नाही. तो दुष्ट माणूस नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि उपयोगाबद्दल तो फारसा चुकला नाही. फेरतपासणी झाली. ज्यांच्याकडे काहीतरी कागद होता, बँकेचं पासबुक, मुलाच्या शाळेचा दाखला, त्यांची नावं परत आली. काकीचा फॉर्म दोनदा नाकारला गेला. शाळेच्या पत्त्यावर तिचं नाव लावावं असं मी सुचवलं. शाळा हा राहण्याचा पत्ता नाही असं उत्तर मिळालं.

विधानसभेची निवडणूक आली तेव्हा यादीचं काम माझ्याकडून काढून घेतलं होतं. बदलीचा हुकूम निघाला होता, निवडणूक झाल्यावर जायचं होतं. मी नवऱ्याबरोबर साधी मतदार म्हणून शाळेत गेले. आमचं केंद्र तिथंच. सकाळची थंडी होती, रांग फाटकापर्यंत आली होती. व्हरांड्याच्या टोकाला स्वयंपाकघरातून धूर निघत होता. मतदानाच्या कर्मचाऱ्यांसाठी चहा-पोहे करायला काकीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी खोल्याही तिनंच झाडल्या होत्या.

मी मत देऊन बाहेर आले. ती ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन आत निघाली होती. पोलिसानं तिला दारात थांबवलं आणि ट्रे स्वतः घेतला, कारण यादीत नाव नसलेल्या माणसाला आत सोडता येत नव्हतं. ती मागं वळली आणि आम्ही समोरासमोर आलो.

"हो गया, मैडमजी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, झालं. ती चुलीकडे गेली. नवरा फाटकाशी थांबून मला हाका मारत होता.

बदली होऊन मी दूरच्या शाळेत गेले, दोन बस बदलून. पुढच्या वर्षी एक परिपत्रक निघालं. ज्यांचं घर प्रशासनानं हटवलं असेल त्यांचं नाव, शक्य तिथवर, समक्ष भेटून खात्री केल्याखेरीज कमी करू नये. आप्पांनी त्याची प्रत मला पाठवली, 'शक्य तिथवर' या शब्दांखाली पेनानं रेघ मारून. आम्ही मागितलं होतं ते जवळजवळ मिळालं होतं. तोवर नाल्याकाठची शेडही उठली होती आणि माणसं कुठं कुठं पांगली ते आप्पांच्या वहीलाही माहीत नव्हतं. काकी मुलीबरोबर मंडीदीपला गेली होती. शाळेचं काम सुटलं होतं.

मी तिचा पत्ता मिळवला आणि एका रविवारी नवीन फॉर्म घेऊन मंडीदीपला गेले. कारखान्यांच्या मागं एका चाळीसारख्या ओळीत भाड्याची खोली होती. जावई पहाटेच्या पाळीवर गेलेला. काकीचे गुडघे धरले होते, ती खाटेवर बसूनच बोलली. मला पाहून तिला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण तिनं मुलीला चहा टाकायला सांगितला आणि पोळी-भाजी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. शाळेतल्या मुलांची तिनं चौकशी केली, एकेकाची, नावानं. मी तिथं नसते आता, हे मला सांगावं लागलं.

मी फॉर्म भरला. तिनं सही केली. अक्षरं मोठी मोठी, सुटी सुटी. पत्त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी लागणार होती. मुलगी त्याला बोलावून आणायला गेली. तो आला, दारातच उभा राहिला, आणि त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, भाडेकरूला लिहून काही देत नाही, उद्या खोलीवर हक्क सांगाल. मी नियम सांगायला लागले. परिपत्रकाची प्रत पर्समध्ये होती, ती काढली. काकीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"रहने दो," ती म्हणाली. "ये कमरा भी चला जाएगा."

घरमालक गेला. मी फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली. भोपाळची बस कुठून मिळते ते मुलीनं सांगितलं आणि चौकापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं विचारलं, आईचं नाव यादीत नसलं तर रेशन बंद होतं का? मी म्हटलं, नाही, त्याचा यादीशी संबंध नाही. तिला बरं वाटलं. बस आली, मी चढले.

त्यानंतर काकीच्या मुलीच्या नंबरवर दोनदा फोन केला. पहिल्यांदा काकी झोपली होती. दुसऱ्यांदा तो नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता.